सवय की निवड

फाल्गुन लागला की उमरग्यातल्या माझ्या गच्चीवर दोन वास एकदम येतात. एक हायवेवरच्या डिझेलचा. तो बारा महिने असतो, त्याचं काही वाटत नाही. दुसरा वाळलेल्या ज्वारीच्या ताटांचा. तो फक्त याच दिवसांत येतो. कोरडा, जरासा गोडसर, घशात बारीक धूळ ठेवून जाणारा. गावाच्या कडेला रानं काढणीला आलेली असतात. सकाळी शाळेत जाताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना बायका वाकून ज्वारी उपटताना दिसतात. मुळाला धरून आलेली माती त्या पायावर आपटून झाडतात, आणि तो धप्प आवाज शाळेच्या फाटकापर्यंत माझ्या मागं येतो.

याच दिवसांत दहावीची परीक्षा तोंडावर आलेली असते. मी विज्ञान शिकवते. उजळणी पहिल्या धड्यापासून घ्यायची, आणि पहिला धडा आनुवंशिकता आणि उत्क्रांतीचा. वर्गात पंखा गरम हवा ढवळत असतो, मुलं पेंगुळलेली असतात. मी फळ्यावर जिराफ काढते. माझा जिराफ दरवर्षी घोड्यासारखा होतो आणि दरवर्षी कुणीतरी हसतं. सराव परीक्षेच्या पेपरात अर्धा वर्ग एकच वाक्य लिहितो : जिराफाला मान ताणायची सवय लागली, म्हणून त्याची मान लांब झाली. मी लाल पेनानं सवय खोडते आणि वर निवड लिहिते. फार जुना गोंधळ आहे तो. मुलांनी केलेला नाही. मोठमोठे विद्वान एके काळी असंच मानायचे, की प्राणी धडपडतो, त्याचं अंग त्या धडपडीनं बदलतं आणि बदललेलं अंग पिलांना मिळतं. ऐकायला बरं वाटतं ते. त्यात कष्टाला फळ आहे. पुढं दुसऱ्यानं येऊन सांगितलं की तसं नाही. पिलं मुळातच थोडी थोडी वेगळी जन्मतात. दिवस कठीण आले की त्यातली काही तगतात, बाकीची मरतात. तगलेल्यांची पिल्लावळ पुढं जाते. धडपडीचा हिशोब कुणी ठेवत नाही.

इतकी वर्षं मी हे शिकवते. पण एका फाल्गुनात हेच मला माझ्या भावाला समजावून सांगावं लागलं, दवाखान्याच्या बाकावर बसून. तेव्हापासून फळ्यासमोर त्या शब्दापाशी आले की माझा हात जरा थांबतो. मुलांना वाटतं बाई खडू शोधतायत.

आमचं गाव येरमाळ्याच्या अलीकडं, हायवेपासून आत. माळ जास्त, काळी जमीन थोडी. आमचे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणायचो, शेळ्या-मेंढ्या राखायचे. ते गेल्यावर मेंढरं विकून टाकली आणि मायनं तिच्या जिवाला सोबत म्हणून काही शेळ्या ठेवल्या. मी शिकले, नोकरी लागली, उमरग्याला आले. माझ्या पाठचा हरी ट्रकवर गेला. सोलापूर ते हैदराबाद हा त्याचा रस्ता, त्यामुळं अधूनमधून त्याचा ट्रक उमरग्यात थांबायचा. यायचा, बादलीभर पाण्यानं अंघोळ करायचा, ताटात वाढेल ते खायचा आणि फरशीवरच आडवा व्हायचा. उठला की हैदराबादहून आणलेला बिस्किटांचा पुडा माझ्या हातात द्यायचा आणि शर्टाची बटणं लावत जिना उतरायचा. त्याच्या घामालाही डिझेलचाच वास यायचा. तो गेल्यावर चादर धुवायला टाकताना मला उगीच भरून यायचं. इतका दणकट गडी, आणि त्याचं अख्खं आयुष्य एका काचेमागं बसून चाललेलं.

खोकला त्याला आधीच्या वर्षी सुरू झाला होता. सोलापुरात कुणीतरी तपासून टीबी असल्याचं सांगितलं, गोळ्या सुरू झाल्या. मला हे फार उशिरा कळलं. मायला मात्र पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. हरीसाठी तेव्हा स्थळं बघणं चालू होतं. ट्रकवरच्या पोराला आधीच कुणी लवकर पोरगी देत नाही. त्यात हा रोग कळला तर दारात कुणी उभं राहणार नाही, ही तिची धास्ती. तिनं त्याला सांगितलं की गावात कुणाला कळू देऊ नकोस, गोळ्या घरी ठेवू नकोस. त्यानं गोळ्या ट्रकच्या सीटखाली ठेवल्या. त्या घेतल्या की मळमळायचं, डोळे जड व्हायचे, आणि स्टेअरिंगवर डोळे जड होऊन चालत नाही. काही आठवड्यांत खोकला थांबला, गालावर मांस आलं. माय म्हणाली बरा झालास. त्यालाही तसंच वाटलं. गोळ्या सुटल्या.

पुढच्या पावसाळ्यात खोकला परत आला. परत गोळ्या. दिवाळीच्या आसपास मुलीकडची माणसं बघायला येणार होती, तेव्हा हरी चार दिवस आधी घरी येऊन राहिला आणि गोळ्या ट्रकमध्येच राहिल्या. माणसं आली, चहा पिऊन गेली, नंतर काही कळवलं नाही. गोळ्या मात्र सुटल्या त्या सुटल्याच.

माघ संपता संपता मायचा फोन आला. हरी घरी आलाय, मालकानं ट्रक काढून घेतला, एवढं सांगितलं. मग म्हणाली, "शकू, तू येऊन जा. वळखू येईना गं पोरगं."

मी रविवारी गेले. ज्वारीची काढणी चालू होती. बांधावर घोंगडं टाकून हरी उन्हात बसला होता. मान बारीक झालेली, कानशिलं आत गेलेली. सदरा दुसऱ्या कुणाचा घातल्यासारखा. मला बघून हसला, आणि ते हसू मध्येच खोकल्यात अडकलं. मी माय जिथं ज्वारी उपटत होती तिकडं गेले. तिचे हात चालले होते, पण बांधावरून खोकला ऐकू आला की ते ताटाला धरून तसेच थांबायचे. खोकला संपला की पुन्हा उपटायला लागायची. सबंध सकाळ तिनं असं केलं. त्या सकाळी मी तिच्या शेजारच्या ओळीत होते. तळहाताला फोड आले तरी मान वर केली नाही, कारण वर केली की तो दिसायचा.

त्याला उमरग्याला घेऊन आले. बेडका तपासायला दिला. तो तपासून यायला वेळ लागला, तोवर शाळेत उजळणी घेत होते. कारकुनासारखी शिकवत होते. हरी घरी खिडकीजवळ बसायचा, हायवेवरचे ट्रक बघायचा. कुठला ट्रक कुठल्या मालकाचा, हे तो आवाजावरून सांगायचा.

दवाखान्यातले डॉक्टर वयानं माझ्यापेक्षा लहान होते. रांग मोठी होती, तरी त्यांनी आम्हाला खुर्चीत बसवून सांगितलं. नेहमीच्या औषधांपैकी महत्त्वाची दोन आता याच्या रोगावर चालत नाहीत. दुसरी औषधं आहेत, ती सरकार फुकट देतं, पण इलाज लांबलचक आहे. इंजेक्शनं आहेत, ओंजळभर गोळ्या आहेत, त्रास होईल आणि तरीही एक दिवस चुकवायचा नाही. आजवरच्या गोळ्या मध्येच सोडल्या होत्या का, असं त्यांनी विचारलं. हरीनं मान हलवली. डॉक्टर म्हणाले, "म्हणून जंतूंना औषधाची सवय झाली."

बाहेर व्हरांड्यात बाक होता. मी कागद पर्समध्ये ठेवत होते. हरी पायांकडं बघत बसला होता. मग म्हणाला, "आक्का, म्याच त्यांना सवय लावली म्हन की."

मी तेव्हा काहीही बोलू शकले असते. होईल रे सगळं नीट, असं. पण मला वाटलं, त्याच्या डोक्यात चुकीची गोष्ट बसू नये. आणि मला हेही वाटलं, की खरं कळलं तर त्याचं ओझं कमी होईल. म्हणून मी त्याला सांगितलं, की असं नसतं. जंतू काही शिकत नाहीत, त्यांना सवय लागत नाही. छातीत त्यांची संख्या मोजता येणार नाही एवढी असते आणि ते सगळे सारखे नसतात. त्यात थोडे आधीपासूनच असे असतात, की त्यांच्यावर गोळीचा असर होत नाही. तुझ्यामुळं नाही, जन्मतःच. गोळी सुरू केली की साधे मरून जातात. पुरते दिवस आणि सगळी औषधं मिळून घेतली की हे थोडकेही संपतात. पण मध्येच थांबलं, की उरतात ते तेच. मग मोकळं रान त्यांचंच.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. शाळेत तो कच्चा होता, पण शेळ्या-मेंढ्यांत वाढलेला. म्हणाला, "आबा बोकड ठेवायचे तसंच झालं की मग. मरतुकडी गेली. दांडगी तेवढी म्या राखली."

मी म्हटलं, तू राखली नाहीस. ती आपोआप राहिली.

"राखनारा तर म्याच व्हतो न्हवं," तो म्हणाला आणि उठून नळावर पाणी प्यायला गेला.

आबा बोकड कसा ठेवायचे, ते आम्हा दोघांनाही पाठ होतं. आमच्याकडच्या काळ्या शेळ्यांची करडं महिन्या-दोन महिन्यांची झाली की आबा त्यांच्यात उकिडवे बसायचे. एकेकाला उचलून पाय बघायचे, पाठीवरून हात फिरवायचे, आई जुळं देणारी होती का ते आठवायचे. उन्हाळ्यात नुसत्या बाभळीच्या शेंगांवर कुणाची आई तगली, हेही त्यांच्या ध्यानात असायचं. मग एकाच नराला कळपात ठेवायचे. बाकीचे येरमाळ्याच्या बाजारात. आमच्या कळपात दुबळी करडं फारशी निपजायची नाहीत, याचं शेजारच्यांना नवल वाटायचं. उत्क्रांतीचा विचार ज्यानं मांडला त्या दाढीवाल्या साहेबानंही आपल्या पुस्तकाची सुरुवात अशाच पाळणाऱ्यांपासून केली होती, हे मी मुलांना सांगते. तो कबुतरं पाळणाऱ्यांत जाऊन बसायचा, गुरं जोपासणाऱ्यांना प्रश्न विचारायचा. माणूस काही पिढ्यांत एवढा फरक घडवतो, तर ज्या निसर्गाकडं काळाला तोटा नाही तो काय करील, असा त्याचा सवाल होता. इथपर्यंत मुलं मजेत ऐकतात. पण आबांचा हात आणि निसर्ग यांत एक फरक आहे. आबा निवडताना करडाच्या तोंडाकडं बघायचे. ज्याला बाजारात न्यायचं, त्याला आदल्या दिवशी स्वतःच्या हातानं पाला घालायचे. तिकडं कुणी बघणारं नाही. पाला घालणारं नाही. हात नाहीच. आपल्या भाषेत निवड म्हटलं की निवडणारा येतोच; तो शब्दच तसा आहे. सुपात ज्वारी घेऊन खडे निवडणारी माय मला दिसते. म्हणून तर मुलांना ते कळत नाही आणि मलाही वर्षानुवर्षं नीट कळलेलं नव्हतं.

इलाज सुरू झाला. हरीला गावी ठेवणं भाग होतं, माझ्या घरमालकानं खोकला ऐकून आडून आडून सुचवलंच होतं. शेतातल्या पत्र्याच्या खोलीत त्याची खाट टाकली. रोज जवळच्या दवाखान्यात इंजेक्शन, रोज गोळ्या. गोळ्यांनी त्याला उलट्या व्हायच्या, सांधे दुखायचे, मधूनच एखाद्या दिवशी तो कुणाशीच बोलायचा नाही. गावात आता लपवण्यासारखं काही राहिलं नव्हतं. लोक वाईट वागले नाहीत. बांधावरून चौकशी करायचे, फक्त बांध ओलांडायचे नाहीत. ज्वारीच्या पेंढ्या बांधायला दरवर्षी येणाऱ्या बायका त्या वर्षी दुसऱ्यांच्या रानात गेल्या. आमची ज्वारी मायनं आणि मी मिळून आवरली, रविवार-रविवार करून.

मी मायसाठी तोंडाला बांधायचे मास्क घेऊन गेले होते. खोलीत जाताना बांध, त्याच्या ताटातलं खाऊ नकोस, दार उघडं ठेव, असं पुन्हापुन्हा बजावलं. तिनं ते मास्क खुंटीला अडकवून ठेवले. पुढच्या रविवारी तिथंच होते. मी रागावले. ती खाली मान घालून भाकरी थापत होती. म्हणाली, "पोटच्या पोराफुडं तोंड बांधून जाऊ व्हय?" मायला साखरेचा आजार होता. हात-पाय वाळलेले, पण दिवसभर कामात. आजारी माणसाच्या उशाशी बसायचं तर पदर तोंडावर न घेता बसायचं, ही तिची रीत होती.

मग चैत्र आला. पौर्णिमेनंतर येरमाळ्याच्या येडाईची पालखी चुन्याच्या रानात आली, की माणसांचा पूर लोटतो आणि सगळे वाकून जमिनीवरचे चुनखडीचे खडे वेचतात. आम्ही लहानपणापासून जायचो. त्या वर्षी हरीला नेणं शक्य नव्हतं. माय म्हणाली त्याच्या वाटचा खडा मी वेचते. मी तिच्यासोबत गेले. ऊन डोक्यावर, धुरळा, हलगीचा आवाज, लहान पोरांना खांद्यावर घेतलेले बाप. त्या हजारो वाकलेल्या पाठींमध्ये मायची पाठ होती. तिनं एक खडा उचलला, पदराला पुसला, डोळे मिटून काहीतरी पुटपुटली. दुसरा उचलायला वाकली आणि तिला खोकला आला.

धुरळ्यानं कुणालाही येईल तसा. आजूबाजूला दहा माणसं खोकत होती. पण मी तो आवाज दोन महिने ऐकत होते. खोल, ओला, छातीच्या तळातून येऊन मध्येच तुटणारा. मी तिचा हात धरला. ती म्हणाली धुरळा गेला घशात. मी म्हटलं, कधीपासून? ती म्हणाली, लई दिवस न्हाय. आणि पुन्हा खडे बघायला लागली.

तिची तपासणी झाली तेव्हा त्याच डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला. तोच रोग, आणि त्याच औषधांना दाद न देणारा. मायनं जन्मात टीबीची एकही गोळी खाल्लेली नव्हती. तिच्या छातीत शिरलेल्या जंतूंना सवय लागायला वावच नव्हता. ते तयार होऊनच आले होते, हरीच्या छातीतून. फळ्यावर मी जे दरवर्षी मुलांना पटवायला बघते आणि पटत नाही, त्याचा इतका चोख पुरावा माझ्या हातात होता, आणि तो माझ्या आईच्या नावाचा कागद होता. त्या दिवशी मी शाळेत गेले नाही. बसस्टँडवर नुसती बसून राहिले. कळंबच्या, परंड्याच्या, तुळजापूरच्या गाड्या लागत होत्या आणि सुटत होत्या.

हरीला कुणी सांगायचं, हा प्रश्न होता. मीच सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून त्याची स्वतःची उलटी, सांधे, सगळं बाजूला पडलं. मायच्या गोळ्या तो हातानं द्यायचा. तिला उलटी झाली तर पाठ चोळायचा, थोड्या वेळानं डॉक्टरांना विचारून पुन्हा गोळी पुढं करायचा. तिची लुगडी धुवायचा. खोलीतल्या दोन खाटांवर दोघं समोरासमोर, एकाच रोगाची एकच औषधं खात, तो उन्हाळा आणि तो पावसाळा राहिले. त्याचा खोकला कमी होत गेला. तिचा वाढत गेला. त्याच्या अंगावर मांस धरायला लागलं आणि तिच्या गळ्याची हाडं वर आली. मी रविवारी दारातून आत आले की दोघांकडं एकदम बघायला धजत नसे. एकाकडं बघून बरं वाटायचं, त्याचीच लाज वाटायची.

त्या दिवसांत मी पुस्तकं बरीच वाचली. झोप यायची नाही म्हणून नव्हे, कुठंतरी काहीतरी लिहिलेलं असेल असं वाटायचं म्हणून. तेव्हा मला कळलं की त्या दाढीवाल्या साहेबाची एक लाडकी मुलगी होती. तिला आजार जडला. तो तिच्या उशाशी बसला, पत्रांतून बायकोला तिची खबर कळवत राहिला आणि ती गेली. तोवर त्याचा विचार पुरा झालेला होता, तरी त्यानं तो जगासमोर आणला नव्हता. वर्षानुवर्षं शंखशिंपल्यांत, कबुतरांत डोकं घालून बसला. मग दूरच्या बेटांवर भटकणाऱ्या दुसऱ्या एकाला तापानं फणफणलेला असताना तोच विचार सुचला आणि त्याचं पत्र आलं, तेव्हा याला आपलंही बाहेर काढावं लागलं. मुलांना मी हे शर्यतीसारखं सांगायचे. आता सांगताना मला एक माणूस तापात दिसतो आणि दुसरा मुलीच्या उशाशी. असं म्हणतात, की पुढं रविवारी घरची माणसं चर्चमध्ये जायची आणि हा बाहेर एकटा फिरायचा. तगणारे तगतात, बाकीचे मरतात, हे त्यानं कागदावर लिहिलं खरं. पण त्या बाकीच्यांत आपलं माणूस असतं तेव्हा ते वाक्य कसं वाचायचं, हे त्यालाही ठाऊक नसावं.

दसऱ्याच्या सुमारास माय फार थकली. मी रजा टाकून गेले होते. दुपारची वेळ होती, शेळ्या बाभळीखाली बसल्या होत्या. हरी तिच्या तळपायाला तेल चोळत होता. चोळता चोळता तो म्हणाला की माझ्यामुळं झालं हे सगळं. एवढ्या महिन्यांत तो हे पहिल्यांदा बोलला. मायनं डोळे उघडले. तिला दम लागत होता, एकेक शब्द सुटा येत होता.

"लपव म्हनून म्याच म्हनले व्हते. तुजं-माजं करू नगं. एका घरातलं हाय, एका घरातच ऱ्हाऊ दे."

हरीनं तिच्या पायावर कपाळ टेकलं. मी बाहेर आले. मला ठाऊक होतं, की हे एका घरात राहत नसतं. गावातल्या कुणाकुणाची तपासणी करायला मीच दवाखान्यातल्या ताईंना सांगितलं होतं, आणि देवाच्या दयेनं दुसऱ्या कुणात काही निघालं नाही. आता बघा, मीही देवाची दया म्हणते.

ज्वारी वीतभर वर आली होती तेव्हा माय गेली. सकाळी हरी गोळ्या द्यायला उठला, तर ती गेलेली होती. तिच्या वाटच्या गोळ्या त्यानं पुढं दवाखान्यात परत नेऊन दिल्या आणि स्वतःच्या तिथंच उभं राहून घेतल्या. त्या दिवशीही चुकवल्या नाहीत. गावातल्या एक-दोघांना ते दगडासारखं वाटलं. मला तसं वाटलं नाही.

तो पुरता बरा झाला. डॉक्टर म्हणाले फार थोडे लोक इतके नेटानं इलाज करतात. आता तो गावीच असतो. एवढी जमीन आणि काही शेळ्या, त्यात त्याचं भागतं. मध्ये दोनदा स्थळं आली. माणसं बसायच्या आधीच त्यानं दारात उभं राहून आजाराचं सगळं सांगितलं. ती उठून गेली, तेव्हा त्यांना फाट्यापर्यंत सोडायलाही तोच गेला. लग्नाचं मी आता काढत नाही.

यंदाही काढणीला गेले होते, गेल्या रविवारी. मायशिवाय ती ज्वारी दरवर्षी जास्त वाटते. दुपारी आम्ही बाभळीखाली बसलो. त्या इंजेक्शनांनी त्याचा एक कान गेलाय. दुसऱ्यानं ऐकतो, पण माणूस कुठल्या बाजूला बसलंय त्यावर असतं. मी चुकून गेलेल्या बाजूला बसले होते. सध्या पोरांना काय शिकवतेस, असं त्यानं विचारलं. मी थोडं मोठ्यानं सांगितलं, तोच धडा. तो हातातल्या ताटाची सालं सोलत राहिला. समोर आमचं अर्धं उपटलेलं रान होतं, उन्हानं पांढरं पडलेलं.

मग माझ्याकडं न बघता त्यानं विचारलं, "आक्का, रोग माझा. आन् माय गेली, म्या राह्यलो. ही निवड कोन केली?"

मी बाई आहे शाळेतली. याचं उत्तर मला पाठ आहे. मी म्हटलं, "कुणीच नाही रे."

वाऱ्यानं ज्वारी वाजत होती. त्यानं मान वळवली, चांगला कान माझ्याकडं केला आणि डोळे बारीक करून माझ्या ओठांकडं बघत म्हणाला, "काय म्हनलीस?"

दुसऱ्यांदा ते माझ्या तोंडून निघालं नाही. मी भाकरीचं फडकं सोडलं आणि त्याच्या हातावर भाकरी ठेवली.